माझ्यात आणि चंद्रभागेत तीन फरक

मान्यता समिती येणार असं कळलं की आमच्या विभागात लगीनघाई सुरू होते. फक्त नवरी कोण आणि वऱ्हाड कुठलं, याचा कुणाला पत्ता नसतो. भिंतींना रंग लागतो, कुंड्या उसन्या येतात, आणि एरवी माझ्या टेबलाकडे न बघता जाणारे प्राध्यापक 'ललिताताई, ललिताताई' करत मागे फिरतात.

मी या विभागाची कार्यालय अधीक्षक. समुपदेशनाचा एम. ए. आमच्याकडे दोन वर्षांपूर्वी सुरू झाला. प्रवेश, परीक्षा, हजेरी, प्रिंटरची शाई आणि विभागप्रमुख प्रफुल्ल सरांचं विसराळू डोकं, हे सगळं माझ्याकडे. सर माणूस वाईट नाही. दुसऱ्याचं दुःख कसं ऐकावं यावर ते तासभर सुंदर बोलतात, आणि त्या तासात मागच्या बाकावर कुणी रडत असलं तरी त्यांना दिसत नाही.

गेल्या वर्षी समिती आली तेव्हा आमची फजिती झाली होती. समुपदेशन कक्षात बोललेलं शेजारच्या कॅन्टीनमध्ये ऐकू जायचं. कॅन्टीनमधलं कक्षात यायचं ते वेगळंच. 'एक पोहे, दोन चहा' ऐकत ऐकत आमची मुलं सहानुभूती शिकत होती. समितीने मान्यता न देता परत जाताना एक जाडजूड यादी दिली. खोलीतला आवाज बाहेर जाता कामा नये, मार्गदर्शकाला पलीकडून बघता यावं म्हणून एका बाजूने दिसणारी काच हवी, इतक्या विद्यार्थ्यांमागे इतके मार्गदर्शक हवेत, प्रत्येकाचे प्रत्यक्ष सरावाचे तास पूर्ण हवेत. तो सगळा मजकूर मराठीत टाइप मीच केला. त्यामुळे विभागात निकष कुणाला पाठ असतील तर ते मला. सरांना विचारलं तर ते माझ्याकडेच बघतात.

या वेळी मान्यता मिळाली नाही तर पहिल्या तुकडीच्या मुलांची पदवी फक्त भिंतीवर लावायच्या कामाची, हे सगळ्यांना माहीत होतं. सगळ्यात जास्त सुहानाला. सुहाना मालेगावची. वडील यंत्रमागावर काम करतात. तिथल्या एका शाळेने तिला समुपदेशक म्हणून घ्यायचं कबूल केलं होतं, अट एकच, अभ्यासक्रम मान्यताप्राप्त हवा. घरच्यांनी दोन वर्षं तिच्या लग्नाचा विषय काढला नव्हता तो त्याच भरवशावर. मुलगी हुशार आणि अती प्रामाणिक. सरावाचा तास पाच मिनिटं आधी संपला तर तसं लिहून द्यायला माझ्याकडे यायची. मी म्हणायची, "अगं, पाच मिनिटांनी काय होतंय?" तर म्हणायची, "मॅडम, मग तो तास नाही ना राहिला."

समितीला प्रत्यक्ष सत्र बघायचं होतं. खरा क्लायंट असा चारचौघांपुढे बसवता येत नाही, गुप्ततेचा नियम आहे. म्हणून अशा वेळी कुणीतरी क्लायंटची भूमिका करतं आणि विद्यार्थी त्याच्याशी बोलतो. सुहाना समुपदेशक आणि नाट्यशास्त्राची पल्लवी क्लायंट, असं ठरलं होतं. समितीच्या आधीच्या आठवड्यात पल्लवीला कांजिण्या आल्या.

प्रफुल्ल सर माझ्या टेबलाशी आले. "ताई, तुम्ही कराल का? सोपं आहे. आणि वयही जुळतंय, पल्लवीचे तर आपण केस पांढरे करणार होतो."

"म्हणजे रंगाचे पैसे वाचले," मी म्हटलं.

सर हसले आणि भूमिकेचा कागद ठेवून गेले. मी वाचला. चंद्रभागा, वय त्रेपन्न. नोकरी करते. लग्न केलेलं नाही. आई बरीच वर्षं अंथरुणाला खिळून होती, दोन वर्षांपूर्वी वारली. आता घरी एकटी असते.

मी त्रेपन्न वर्षांची आहे. लग्न केलेलं नाही. आईचं करण्यात राहून गेलं असं लोक म्हणतात आणि मीही म्हणू देते, तेवढंच काही खरं नाही. आई दोन वर्षांपूर्वी गेली. इंदिरानगरच्या आमच्या फ्लॅटमध्ये मी एकटी राहते.

सरांनी हे मुद्दाम लिहिलं नव्हतं, याची मला शंभर टक्के खात्री आहे. मुद्दाम लिहायला लक्षात असावं लागतं. कुठल्याशा पुस्तकातलं उदाहरण घेऊन त्यांनी त्याला मराठी नाव दिलं होतं, एवढंच. आई गेली त्या दिवशी विभागाच्या ग्रुपवर सरांनी जोडलेले हात टाकले होते. त्याखाली सगळ्यांनी टाकले. मग कुणीतरी परीक्षेचं वेळापत्रक टाकलं आणि सगळे हात वर निघून गेले.

निकषांमध्ये एक नियम आहे. भूमिका करणाऱ्याचं स्वतःचं आयुष्य त्या भूमिकेशी जुळणारं नसावं. माणूस त्यात अडकतो, त्याला बाहेर येता येत नाही, आणि असं होऊ देणारा विभाग विद्यार्थ्यांना काय सांभाळणार, असा त्यामागचा विचार. तो नियम टाइप करताना माझं काही चुकलं नव्हतं. मी सरांकडे जाऊन सांगू शकत होते. सांगितलं नाही. कुणीतरी समोर बसून पाऊण तास फक्त मला प्रश्न विचारणार होतं आणि मध्येच फोन घेणार नव्हतं. मला ते हवं होतं. दुसरं काही कारण नाही.

तालमी झाल्या. त्यात मी कागदावरचं तेवढंच बोलले. सर काचेमागून बाहेर येऊन म्हणायचे, "ताई, जरा रडवेलं करा ना." मी रडवेलं करायची. सुहाना वहीतले प्रश्न आठवून आठवून विचारायची. तालीम संपली की सर "छान, छान, चला" म्हणत पुढच्या कामाला पळायचे.

समिती आली. तिघं होते. अध्यक्षबाई सुती साडीतल्या, साठीच्या, कमी बोलणाऱ्या. काजूची बशी त्यांनी हाताने बाजूला सारली तेव्हाच सरांच्या कपाळावर घाम आला. कागदपत्रं बघून झाली, खोल्या बघून झाल्या. एका सदस्यांनी समुपदेशन कक्षात उभं राहून हाका मारल्या, दुसरे कॅन्टीनमध्ये कान देऊन उभे राहिले. कॅन्टीनमध्ये काही ऐकू आलं नाही. सरांनी माझ्याकडे बघून बोटांनी खूण केली, आणि समिती काचेमागे जाऊन बसली.

सुहाना आणि मी समोरासमोर बसलो. मधे छोटं टेबल, त्यावर पाण्याचा ग्लास आणि टिश्यूचा डबा. तिने वही दोनदा उघडून मिटली. मला वाटलं, बिचारीला सोपं जावं, सरळ कागदावरचं बोलू. पण तिने वहीतला प्रश्न विचारलाच नाही. ती माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "चंद्रभागाताई, शनिवार-रविवार कसा गेला?"

गेल्या दोन वर्षांत मला हे कुणी विचारलं नव्हतं.

"शांततेत," मी म्हटलं. "इतक्या शांततेत की सोमवारी सकाळी माझा घसा बसलेला असतो."

"सर्दी होते?"

"नाही गं. वापरलेला नसतो. शनिवारी दुपारी ऑफिसातून निघताना वॉचमनला 'येते' म्हणते. सोमवारी त्यालाच 'काय, बरंय का' म्हणते. मधे काही बोलायचं कामच पडत नाही. मग सोमवारचा पहिला शब्द असा खरखरीत निघतो. वॉचमन म्हणतो, बाई, काढा घ्या."

सुहाना हसली नाही. "आणि तुम्ही त्याला काय म्हणता?"

"हो म्हणते. त्याला काय सांगायचं? काढा पिऊन माणसं येतात का घरी?"

ती गप्प राहिली. आमच्याकडे मुलांना गप्प राहायला शिकवतात, पण बहुतेकांना ते जमत नाही, मनातल्या मनात आकडे मोजतात. ही मोजत नव्हती. मग मीच बोलायला लागले. रविवारी मिसळ खायला जाते, तेव्हा पोऱ्या विचारतो, किती जण? एक म्हटलं की तो चार जणांच्या टेबलाच्या कडेला बसवतो. शेजारी एखादं कुटुंब असतं. त्यांची पोरं भांडतात, बाई नवऱ्याला म्हणते तर्री कमी घ्या, आणि मी पाव संपला तरी बसून राहते. लोकांना वाटत असेल, काय हावरट बाई आहे, ताट सोडत नाही. भाजीवाला पावशेर मागितलं की म्हणतो, ताई, पावशेरात काय होणार? मी म्हणते, आमच्याकडे सगळे कमी खातात.

"सगळे," सुहाना म्हणाली. फक्त तेवढंच.

"हो ना. खोटं बोलते मी. भाजीवाल्याशी."

"आई असताना घरी आल्यावर काय व्हायचं?"

हे कागदावर नव्हतं. मी ग्लास उचलला, पाणी प्यायले नाही, परत ठेवला.

"भांडण व्हायचं," मी म्हटलं. "दार उघडलं की आतून ओरडायची, 'आलीस का?' मी दमलेली असायची. म्हणायची, 'नाही, अजून द्वारका सर्कलच्या ट्रॅफिकमध्येच अडकलेय.' तिला राग यायचा. मग रात्री जेवेपर्यंत बोलायची नाही. अशी कितीतरी वर्षं. लोक म्हणतात, किती केलंस आईचं. केलं. पण मी चिडचिड करत केलं, आणि तिने चिडचिड करत करून घेतलं. ती गेली तेव्हा मला वाटलं होतं, आता सुटले. बाई, मी इतकी सुटलेय की कुठे बांधलेलीच नाही."

सुहानाच्या डोळ्यांत पाणी आलं. विद्यार्थ्याच्या डोळ्यांत पाणी येऊ नये असं म्हणतात, पण तिने ते लपवलं नाही आणि त्याचं काही केलंही नाही. ती पुढे झुकून म्हणाली, "मला ऐकू येतंय ताई."

हे वाक्य आमच्या मुलांना पहिल्याच वर्षी शिकवतात. ती सगळीच म्हणतात, कधी कधी चहा मागवतानासुद्धा. पण त्या दिवशी तिला खरंच ऐकू येत होतं. मला भीती वाटली की मी आता इथे, काचेमागच्या पाहुण्यांसमोर, हुंदके देऊन रडणार. मी म्हटलं, "बरं, आता बास."

वेळही संपली होती. दार उघडून सगळे आत आले. सर आनंदाने लालेलाल झाले होते. एक सदस्य म्हणाले, "विद्यार्थिनी उत्तम. क्लायंटची भूमिका मात्र जरा हलकीफुलकी झाली. एकटी माणसं एवढे विनोद करत नाहीत." मी मान हलवली. तज्ज्ञ माणूस, त्यांनाच ठाऊक.

"भूमिकेतून बाहेर यायचं राहिलंय," अध्यक्षबाई म्हणाल्या.

सर गोंधळले. तालमीत हे आम्ही कधी केलंच नव्हतं, 'छान, छान, चला' यातच ते उरकायचं. भूमिका संपली की करणाऱ्याने मोठ्याने सांगायचं असतं, मी ही नाही, मी ती आहे, आणि आपल्यात आणि भूमिकेत काय काय वेगळं आहे ते मोजून सांगायचं असतं. अंगात आलेलं उतरवायचं, तसंच ते. फक्त नारळ नसतो.

"तुमचं खरं नाव सांगा," अध्यक्षबाई म्हणाल्या. "आणि चंद्रभागेत आणि तुमच्यात असलेले तीन फरक."

खोलीत सगळे माझ्याकडे बघत होते. तेव्हा, नेमकं तेव्हा, प्रफुल्ल सरांना आठवलं. त्यांचा चेहरा मला दिसत होता. आधी लाली गेली, मग त्यांचे ओठ हलले, आणि त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की या माणसाने मला पहिल्यांदाच बघितलंय असं वाटावं. एक नियम आम्ही मोडला होता, आणि तोही असा की त्याच्यावर बोट ठेवल्यावर बाकीच्या रंगरंगोटीला काही अर्थ राहत नव्हता.

मी खरं सांगितलं असतं तर? नाव वेगळं आहे, बाकी फरक नाही. तीन सेकंदांचं काम होतं. आणि माझ्या जिभेवर ते आलं होतं, कारण एकदा बोलायला लागलं की तोंडाला चटक लागते. पण सुहाना खुर्चीवर तशीच बसली होती, ओढणीच्या टोकाने डोळे टिपत. मालेगावची ती शाळा, आणि दोन वर्षं गप्प बसलेले तिचे घरचे.

"मी ललिता," मी म्हटलं. "चंद्रभागा एकटी राहते. माझ्या घरी माणसांना उभं राहायला जागा नसते. सोसायटीतल्या बायकांची भिशी माझ्याकडेच, कारण माझ्याच हातचा चहा त्यांना लागतो."

"एक," अध्यक्षबाई म्हणाल्या.

"चंद्रभागा रविवारी एकटी मिसळ खाते. आम्ही पाच जणी जातो. मला त्या बोलूच देत नाहीत."

"दोन."

आतापर्यंत मी अभिनय केला नव्हता. आता करत होते, आणि इतका छान की नाट्यशास्त्रवाल्यांनी येऊन बघावं. तिसरा फरक मी शोधत होते, काहीही चाललं असतं. चंद्रभागेला मांजर आवडत नाही, मला आवडतं, असंही चाललं असतं. पण तोंडातून निघालं ते हे.

"चंद्रभागेची आई गेलीय. माझी आहे. ब्याऐंशी वर्षांची. आज डब्यात मेथीची भाजी दिलीय, तीही तिनेच निवडलेली. काड्या तशाच ठेवते, डोळ्यांना दिसत नाही ना."

"तीन," अध्यक्षबाई म्हणाल्या, आणि पहिल्यांदा हसल्या. "भाग्यवान आहात."

"हो," मी म्हटलं.

दुपारी जेवणानंतर समितीने तोंडी सांगितलं, शिफारस करतोय. पोरांनी वरांड्यात एकच गलका केला. पेढे आले. सर माझ्या टेबलाशी आले, पेढ्यांचा पुडा ठेवला आणि माझ्या चेहऱ्याऐवजी माझ्या मॉनिटरकडे बघत म्हणाले, "ताई, माझ्या खरंच लक्षात..."

"राहू द्या सर. झालं ना काम."

त्यांना बरं वाटलं. लगेच गेले. मला वाटलं होतं, एवढं झाल्यावर निदान विचारतील, बसू का पाच मिनिटं. पण ज्याची मान सुटली तो दोरीची चौकशी करत नाही.

सगळे पांगले तेव्हा सुहाना आली. घरी फोन करून रडून झालं होतं, नाक लाल होतं. माझ्यासमोरची खुर्ची ओढून बसली. माझ्यासमोर कुणी बसत नाही, उभ्याउभ्या सही घेऊन जातात.

"मॅडम, एक बोलू? रागवायचं नाही."

"बोल."

"तुम्ही आत बोलत होतात ना, तेव्हा मला वाटलं हे खरंच तुमचं आहे. खुदा कसम. मी ठरवलं होतं की बाहेर आल्यावर तुमच्याशी बोलायचं. मला वाटत होतं, मॅडमच्या रोज समोरून जातो आपण, एक दिवस पण विचारलं नाही. इतकं कसंतरी झालं." तिने छातीवर हात ठेवला. "मग तुम्ही ते तीन फरक सांगितले, आणि इतकं हलकं वाटलं, काय सांगू. आई आहे म्हणालात ना, तेव्हा तर मी मनात अल्लाचे आभार मानले."

मी पेढ्याच्या पुड्याची गाठ सोडत होते. ती सुटत नव्हती.

सांगावंसं वाटलं. फार वाटलं. पण या मुलीला आजच्या सत्राचा अहवाल लिहायचा होता, आणि तो समितीच्या फाइलमध्ये जाणार होता. पाच मिनिटं कमी भरली तर लिहून देणारी पोरगी. मी सांगितलं असतं तर तिने तेही लिहिलं असतं, स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेत लिहिलं असतं. आणि अहवाल नसता तरी, तिच्या तोंडावरचं ते हलकेपण मी कुठल्या तोंडाने काढून घेणार होते?

"मी चांगली नटी आहे, नाही का?" मी म्हटलं.

"एक नंबर." ती हसली. मग एकदम म्हणाली, "मॅडम, मी येऊ तुमच्या घरी? रविवारी? तुमच्या आईंना भेटायला. माझी नानी गेली ना, तेव्हापासून मला म्हाताऱ्या बायकांशी बोलायला लय आवडतं. मी मेथी निवडून देईन त्यांच्यासोबत. येऊ?"

दोन वर्षांत त्या घरात गॅसवाला आला, मीटर बघणारा आला, एकदा कबुतर आलं. येऊ का असं आधी विचारून कुणी आलं नाही. आणि ही पोर विचारत होती, अगदी मनापासून, डोळ्यांत अजून ओल असताना. माझ्या घरी ये म्हणायला माझ्याकडे एकच अडचण होती. ती ज्यांना भेटायला येणार होती, त्यांचा फोटो हार घालून हॉलमध्ये टांगलेला आहे.

"रविवारी नको," मी म्हटलं. "रविवारी आम्ही पाच जणी बाहेर असतो."

"मग शनिवारी?"

"शनिवारी भिशी."

"बापरे, मॅडम, तुम्ही तर फुल बिझी आहात." ती उठली. तिला वाईट वाटलं नव्हतं, उलट कौतुक वाटत होतं. "मग पुढे कधीतरी नक्की. आईंना सलाम सांगा माझा."

"सांगते," मी म्हटलं.

ती जिना उतरून गेली. खाली तिच्या मैत्रिणी थांबल्या होत्या, त्यांना ती काहीतरी सांगत होती, आणि त्या सगळ्या वर माझ्या खिडकीकडे बघून हात हलवत होत्या. मीही हलवला.